ढवळ्याशेजारी पवळ्या: वाण कुठला आणि गुण कुठला

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.’ ही म्हण आपण पोराच्या वाईट संगतीपुरती वापरतो आणि सोडून देतो. पण गोठ्यातून आलेल्या या एका ओळीत एक भेद फार नेमका धरला आहे. वाण म्हणजे जन्मासोबत आलेलं, बियाण्यातलं. गुण म्हणजे शेजारामुळे, दावणीमुळे, चाऱ्यापाण्यामुळे लागलेलं. पवळ्याचा रंग तोच राहिला, खोड मात्र नवी आली.

निसर्ग, प्रकृती, स्वभाव हे शब्द आपण रोज वापरतो आणि हा भेद विसरतो. निसर्ग बघायला तोरणमाळला जायचं, प्रकृती दवाखान्यात विचारायची, स्वभाव सोयरीक जुळवताना बघायचा. जमिनीलाही स्वभाव असतो, पाण्यालाही गुण असतो. आणि गावात एखाद्याबद्दल ‘त्याना सभावच तसा शे’ असं एकदा म्हटलं की पुढचं बोलणंच संपतं. हे वाक्य आपण फार लवकर उच्चारतो. माणसाबद्दल, वावराबद्दल, कधी अख्ख्या जमातीबद्दल. तपासायची रीत मात्र खान्देशातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे: बियाणं तेच ठेवून जागा बदलायची, मग जागा तीच ठेवून बियाणं बदलायचं, आणि फरक कशानं पडला ते बघायचं.

चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात प्रकृतीचे सहा प्रकार सांगितले आहेत: जातीमुळे, कुळामुळे, देशामुळे, काळामुळे, वयामुळे आणि ज्याची त्याची स्वतःची. आज प्रकृती म्हटलं की वात-पित्त-कफ एवढंच आठवतं. मोबाईलवर वीस प्रश्नांची उत्तरं दिली की ‘पित्तप्रकृती’ असा शिक्का मिळतो आणि तो जन्मभर मिरवला जातो. त्या सहांतल्या देश, काळ आणि वय या तीन गोष्टी बदलत्या आहेत, ही मला त्या यादीतली सगळ्यात उपयोगाची गोष्ट वाटते.

सुरुवात मातीपासून करू, कारण तिथे वाण आणि गुण हातानं वेगळे करता येतात.

तापीकाठची काळी जमीन बेसॉल्टच्या झिजेतून आणि नदीच्या गाळातून झालेली. तिच्यातली चिकणमाती मॉन्टमोरिलोनाइट जातीची, पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते. एप्रिल-मेमध्ये पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच कारणानं. हा वाण. तो ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. मूठभर माती घ्या, खडे-काड्या काढा, थेंब थेंब पाणी घालत कणकेसारखी मळा. मग अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत तिची पट्टी पुढे सरकवत जा. अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर माती हलकी ते मध्यम, अडीच ते पाचच्या दरम्यान तुटली तर मध्यम भारी, पाचच्या पुढे लोंबत राहिली तर अस्सल भारी चिकण. मळताना पाणी जास्त झालं तर पट्टी निघतच नाही आणि माती हलकी आहे असा गैरसमज होतो, म्हणून बोटाला चिकटायचं थांबेपर्यंत मळायचं.

हा वाण बदलायला जाणं म्हणजे पैसा मातीत घालणं. भारी जमीन ‘हलकी’ करायला वाळू टाकायचा सल्ला अजूनही दिला जातो. हिशोब करून बघा. एक एकराचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर साधारण ९०० टन भरतो. त्यात वाळूचं प्रमाण जेमतेम दहा टक्क्यांनी वाढवायचं तर ९० टनांच्या वर वाळू लागते, आणि एवढं करूनही माती चिकणच राहते. उलट बरड, मुरमाड वावरात तलावाचा गाळ टाकणं कामाचं, कारण तिथे चिकणाची मुळात वानवा असते आणि थोडी भर पडली तरी ओल टिकते. तोच गाळ काळ्या जमिनीत टाकला तर निचरा आणखी तुंबतो. गाळ फुकट मिळतोय म्हणून ट्रॉल्या रित्या करण्याआधी ही पट्टीची चाचणी दोन्हीकडच्या मातीची करावी.

आता गुण. पाटाच्या पाण्याखालच्या काही जमिनी दहा-पंधरा वर्षांत बिघडतात आणि लोक म्हणतात, ‘जमीनच तशी आहे.’ ती तशी नव्हती, झाली. बिघाड दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींचा इलाज वेगळा. खारवट जमिनीत क्षार साचतात, वर पांढरा पापुद्रा येतो, पण माती भुसभुशीत राहते. चोपण जमिनीत सोडियम चिकणाच्या कणांना चिकटून बसतो, सामू (पीएच) साडेआठच्या वर जातो, पाणी मुरत नाही, ओली असताना घसरडी आणि सुकल्यावर दगडासारखी. घरात करून बघण्याजोगी एक खूण आहे. काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या. वाटाण्याएवढं सुकं ढेकूळ अलगद सोडा आणि ग्लास न हलवता काही तास ठेवा. ढेकूळ नुसतं फुटून चुरा झाला आणि पाणी नितळ राहिलं तर चिंता नाही. ढेकळाभोवती दुधासारखं ढगाळ वलय पसरलं तर ती चोपणाची खूण. बोअरचं पाणी यासाठी घेऊ नये, त्यातले क्षार कणांना एकत्र धरून ठेवतात आणि वलय येतच नाही.

चोपणाला जिप्सम लागतं, किती ते माती परीक्षणाच्या अहवालावरून. ते वरच्या दहा-पंधरा सेंटिमीटरमध्ये मिसळायचं आणि मग गोडं पाणी देऊन सुटलेला सोडियम चरातून बाहेर काढायचा. इथेच बहुतेकांचं चुकतं: जिप्सम पडतं, चर खोदला जात नाही. सुटलेला सोडियम मग जातो कुठे? तिथेच राहतो. नुसत्या खारवट जमिनीत जिप्समची गरजच नसते, तिथे चर आणि गोडं पाणी पुरे. चुनखडीची जमीन असेल तर शेणखताबरोबर गंधकही चालतं, पण ते जिवाणूंच्या हातून होणारं काम आहे, सावकाश होतं.

परीक्षणाला माती नेताना नमुना चुकला तर अहवाल दुसऱ्याच जमिनीचा येतो. वावरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करायचा, धान्यपिकांसाठी वीतभर म्हणजे वीस सेंटिमीटर, कपाशीसाठी तीस. खड्ड्याच्या बाजूची वरपासून खालपर्यंत एकसारखी खाप घ्यायची. सगळी माती घमेल्यात कालवून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेली पुन्हा कालवायची, असं करत अर्धा किलो ठेवायची आणि सावलीत सुकवायची. बांधाजवळची, उकिरड्याजवळची, झाडाखालची, नुकतंच खत पडलेल्या जागेची माती घेऊ नये. काळी आणि बरड एकाच गट नंबरात असली तरी दोन्हींचे नमुने वेगळे.

वाण आणि गुण यांच्या पलीकडे आणखी एक गोष्ट आहे, तिच्यासाठी आपल्याकडे सुरेख शब्द आहे: वाफसा. मातीच्या पोकळीत पाणीही आहे आणि हवाही आहे अशी वेळ. मुठीत माती दाबून गोळा करा, कमरेच्या उंचीवरून सोडा. चपटा होऊन बसला तर अजून ओल जास्त, फुटून मोकळा झाला तर वाफसा, गोळाच झाला नाही तर वेळ गेली. काळ्या जमिनीत ही खिडकी थोड्याच दिवसांची. तिच्या आधी ट्रॅक्टर घातला तर नांगराच्या फाळाखाली घट्ट थर बसतो, नंतर घातला तर ढेकळं निघतात. जमीन चांगली, बियाणं चांगलं, तरी पेरणी फसते ती इथे. माणसांच्या बाबतीतही हा शब्द वापरायला हवा असं मला फार वाटतं. पोराला गणित येत नाही म्हणताना त्याच्या डोक्याचा वाण काढण्याआधी वाफसा होता का, हे कुणी विचारत नाही.

केळीकडे बघा. रावेर-यावलच्या पट्ट्यात ग्रँड नैन लावतात, शेतकरी तिला जी-नाईनच म्हणतो. टिश्यू कल्चरची रोपं म्हणजे एकाच झाडाची अवतारं, बियाण्यातला फरक जवळपास शून्य. दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी ४,४४४ खोडं, सगळी सख्खी जुळी. आणि तरी जून-जुलैची मृगबाग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची कांदेबाग यांचा स्वभाव वेगळा. मृगबागेचे घड ऐन एप्रिल-मेच्या उन्हात भरतात, त्यामुळे तिला पश्चिमेकडून शेवरीचा किंवा गजराज गवताचा आडोसा लागतो, नाहीतर वारा पानं चिंध्या करतो आणि घड करपतात. कांदेबागेला कोवळ्या वयात डिसेंबर-जानेवारीची थंडी भेटते. पारा दहा-बारा अंशांच्या खाली गेला की मुळं काम थांबवतात, पानं एकाजवळ एक येऊन दाटतात. ज्या बागेची निसवण, म्हणजे घड बाहेर पडण्याची वेळ, अशा थंडीत सापडते, तिचा घड पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, अडकतो. रात्री पाणी देणं, बांधावर धूर करणं, घडाला पिशवी घालणं हे सगळे उपाय थंडीवरचे. त्यांनी वाण बदलत नाही, बदलायची गरजही नाही.

एकाच वाणाची बाग असल्यामुळे बिघाड कुठला हे ओळखायलाही सोपं जातं. पिवळेपणा शेताच्या एका पट्ट्यात सलग असेल, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर बहुधा चुनखडीमुळे लोह मिळत नाहीये. मातीचा गुण. पण इथे एक खोड, मग दहा सोडून एक, अशी विखुरलेली झाडं पिवळ्या रेषा दाखवत असतील, पानाच्या कडा वाकड्या, पोंगा सडलेला, तर तो काकडीवर्गीय मोझॅक विषाणू. त्याला खत देऊन काही होत नाही, झाड उपटून गाडायचं. मावा तो पसरवतो, म्हणून केळीत आणि केळीच्या बांधाला काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो लावायचे नाहीत. आणि क्वचित एखादं रोप अगदी बुटकं, अरुंद पानाचं निघतं, ते मात्र खरंच वाणात बिघडलेलं असतं. प्रयोगशाळेत एकाच कंदापासून फार पिढ्या काढल्या की असं होतं. ते रोपवाटिकेतच काढून टाकावं, शेतात सुधारेल म्हणून लावू नये.

जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या मानांकनाच्या मुळाशी असलेला १९९९ चा कायदा बियाण्याची मालकी देत नाही, जागेनं लावलेला गुण मान्य करतो. यावल तालुक्यातल्या बामणोदचं हिरवं-पांढरं लांबोडं वांगं पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजून कळण्याच्या भाकरीबरोबर खाणाऱ्याला हे कायद्याआधीपासून कळत होतं.

आता माणसाच्या अंगाकडे. ‘खान्देशी माणसाला ऊन लागत नाही’ असं अभिमानानं म्हणतात. हा वाण नाही, गुण आहे. उन्हात रोज काम केलं की साधारण एक ते दोन आठवड्यांत शरीर जुळवून घेतं: घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं. उन्हापासून काही आठवडे दूर राहिलं की हे सगळं उतरतं. पुण्यात एसीत बसणारा भुसावळचा मुलगा मे महिन्यात लग्नाला येतो आणि ‘आपल्याला सवय आहे’ म्हणून दुपारी मांडवात धावपळ करतो, त्याला ऊन बाहेरच्या माणसाइतकंच लागतं. शेतावर नवा मजूर असेल तर पहिल्या दिवशी कडक उन्हातलं काम एक पंचमांशच द्यावं आणि रोज तेवढंच वाढवत न्यावं. घरी मीठ-साखरेचं पाणी करायचं तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजानं मुठीत घेऊन टाकू नये, जास्त झालं तर अपायच होतो.

खरा वाण बघायचा तर नंदुरबारच्या सातपुड्यात सिकलसेल आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका जनुकातला बदल. आई-वडिलांपैकी एकाकडून आला तर मूल वाहक, आणि वाहक माणूस सहसा निरोगी आयुष्य जगतो. वाहकाला मलेरियाचा जीवघेणा झटका कमी बसतो, म्हणूनच मलेरियाच्या जंगलपट्ट्यात हा बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकला. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के, दोन्ही नसण्याची २५ टक्के. ‘पहिलं मूल आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली होतील’ हा हिशोब चूक आहे, प्रत्येक वेळी फासे नव्यानं पडतात. गावात होते ती सोल्युबिलिटी चाचणी फक्त बदल आहे की नाही एवढंच सांगते. वाहक की रुग्ण हे कळायला पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात पहिली चाचणी भरवशाची नाही, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन अजून शिल्लक असतं. आणि जन्मासोबत आलेल्या या आजारातही कळा केव्हा उठतात? अंगातलं पाणी कमी झालं, थंडी वाजली, ताप-संसर्ग झाला की. म्हणजे उसतोडीला गुजरातेत गेलेल्या रुग्णाच्या बाबतीत पाण्याची बाटली, पांघरूण आणि विश्रांती यांचं मोल औषधाइतकं.

त्याच डोंगरात एक वाक्य ऐकू येतं ज्याचा मला संताप येतो: ‘इथली पोरं मुळातच बारीक असतात.’ जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये वाढीचे तक्ते काढले ते भारत, ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली मुलं मोजून. पोटभर, नीट दूध-आहार आणि स्वच्छता मिळाली तर पाच वर्षांखालची मुलं सगळीकडे जवळपास सारखीच वाढतात, असं त्यात दिसलं. तेव्हा बारीकपणाला प्रकृतीचं नाव देण्याआधी दंडाची पट्टी लावा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा हात, खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये खूण, हात सैल सोडलेला, पट्टी कातडीला टेकलेली पण आवळलेली नाही. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, साडेबारापर्यंत मध्यम. बाहीवरून मोजलं किंवा कोपर वाकलेलं असलं तर आकडा फुगतो आणि आजारी मूल निरोगी ठरतं. दोन्ही पायांवर अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा राहतो का तेही बघायचं, राहिला तर पट्टी काहीही सांगो, मूल दवाखान्यात न्यायचं.

समाजात हा घोळ सगळ्यात जास्त ‘जात’ या शब्दानं केला आहे. केळीची जात म्हणतो तेव्हा शब्द बरोबर बसतो, कंद निवडून, वेगळा ठेवून ती टिकवलेली असते. माणसाला तोच शब्द लावला की बियाण्याचा सगळा अर्थ गुपचूप सोबत येतो. खान्देशनं याची किंमत मोजली आहे. १८१८ मध्ये मुलूख ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, डोंगरवाटांच्या राखणीचे भिल्लांचे जुने हक्क विस्कटले, लुटालूट वाढली, आणि साहेबानं लिहून ठेवलं की लूट हा यांचा स्वभाव. मग १८२५ मध्ये जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं धरणगावला भिल्लांची पलटण, खान्देश भिल्ल कोअर, उभी केली. त्याच माणसांना पगार, गणवेश आणि काम मिळालं, आणि त्याच वाटांवर तीच माणसं पहारा देऊ लागली. भिल्लांसाठी नेमलेल्या सरकारी कचेऱ्यांनी, भिल्ल एजन्सींनी, इतरांना जमीन आणि तगाई म्हणजे शेतीसाठी सरकारी कर्ज दिलं. बियाणं तेच, जागा बदलली. इतका स्वच्छ प्रयोग डोळ्यांसमोर असूनही १८७१ मध्ये सरकारनं जन्मजात गुन्हेगार ठरवणारा कायदा आणला, आणि त्या शिक्क्यातून अनेक जमाती सुटल्या त्या ३१ ऑगस्ट १९५२ ला.

‘माणूस मुळात स्वार्थी, चार जणांचं सामाईक काही टिकत नाही’ हेही असंच एक वाक्य. पांझरेच्या काठी साक्री-धुळे भागात फडपद्धत तीनशे वर्षांच्या वर चालली. नदीचा स्वभाव असा की पावसाळ्यात लोंढा, नंतर बारीक धार. म्हणून बंधारा बुटका बांधला, पूर त्याच्या डोक्यावरून जाऊ द्यायचा, बाजूनं कालवा काढायचा, जास्तीचं पाणी सांडमातून परत नाल्याला सोडायचं. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे साधारण चार फड, म्हणजे भाग. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं: एकात ऊस, बाकीच्यांत हंगामी पिकं, एक पडीक, आणि दरवर्षी पाळी फिरवायची. एक पीक असल्यानं सगळ्यांना पाणी एकाच वेळी लागतं, चोरून पाणी वळवायला कारणच उरत नाही. पाणी द्यायला पाटकरी, राखायला जागल्या, वर हवालदार. वाटप त्यांच्या हाती, शेतकऱ्यानं स्वतः दार उघडायचं नाही. नदीवर वरच्या अंगाला धरणं झाली, वावरात विहिरी आणि मोटारी आल्या, ज्याला त्याला हवं तेव्हा हवं ते पीक घेता येऊ लागलं, तशी ही पद्धत बऱ्याच ठिकाणी ढिली पडली. पण ती टिकली तोवर तिच्यात एक बारकावा होता. एकेका कुटुंबाची जमीन एकाच फडात सलग नसे, वेगवेगळ्या फडांत तुकडे असत. पाऊस कमी झाला की पंच बसत आणि कुठला फड कोरडा ठेवायचा ते ठरवत, आणि जो फड कोरडा राही त्यात ठरवणाऱ्यांचाही एकेक तुकडा असे.